एकट्याने टीव्हीची बातमी करताना: तालुक्यातल्या नव्या बातमीदारासाठी

तालुक्यात किंवा जिल्ह्यात मराठी वृत्तवाहिनीचं काम सुरू करताय, तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून चाला: सोबत कॅमेरामन नसणार. गाडी तुम्हीच चालवणार, शूट तुमचं, बूम (वाहिनीचं नाव लावलेला माईक) तुमच्याच हातात, बाईट (कॅमेऱ्यासमोर कोणाचं तरी म्हणणं) तुम्हीच घेणार, स्क्रिप्ट तुम्हीच लिहिणार, फाईल तुम्हीच पाठवणार. हे चालू असताना असाइनमेंटचा, म्हणजे बातमीदारांना काम नेमून देणाऱ्या विभागाचा फोन आला की लाईव्हलाही तुम्हीच उभे राहणार.

अशा वेळी सगळं नीट होत नाही, काहीतरी सुटतंच. नवीन माणसाच्या हातून सुटते ती चौकशी. व्हिज्युअल्स नसली तर डेस्क, म्हणजे बातम्या तयार करणारं कार्यालय, फोन करतं, लाईव्हला उशीर झाला तर फोन करतं. पण तुम्ही तलाठ्याला विचारलं का, दुसऱ्या बाजूशी बोललात का, यासाठी फोन येत नाही. म्हणून काय सोडायचं ते घरून निघतानाच ठरवा. एखादा शॉट कमी आला तरी चालेल, पण माहितीची खातरजमा सोडायची नाही. पुढचं सगळं या हिशेबाने लिहिलं आहे.

निघण्याआधी

बॅग हलकी ठेवा. फोन, छोटा ट्रायपॉड, कॉलरला लावायचा वायरलेस लेपल माईक, बूमला लागणारी केबल, इअरफोन, मोठी पॉवर बँक, दोन चार्जिंग केबल, पाण्याची बाटली, फोन पावसात वापरता येईल असं प्लास्टिकचं कव्हर, वही आणि पेन. वही हवीच, कारण ज्या फोनवर शूट चालू आहे त्याच फोनवर नोंदी करता येत नाहीत. गिंबल (फोन हलू न देणारा दांडा) सुरुवातीला घेऊ नका. त्याचा तोल जमवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात मोर्चा चौक ओलांडून गेलेला असतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, भर पावसात चिखलातून डोंगर चढून जावं लागत होतं. अशा जागी पाठीवर जे पेलता येईल तेवढंच सामान खरं.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. आपल्या तालुक्यात कुठल्या गावात कुठली रेंज येते, याची यादी आधीच करून ठेवा. घाटात कुठल्या वळणावर रेंज येते, हे एसटीच्या चालकांना आणि दूधसंकलनाच्या गाडीवाल्यांना पाठ असतं, त्यांना विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वीज गेली आणि मोबाईलचे टॉवरही बंद पडले. अशा वेळी व्हिडिओ जात नाही, पण साधा एसएमएस कधीकधी निघून जातो. डेस्कवरच्या दोन माणसांचे नंबर त्यासाठी वहीत लिहिलेले असू द्या.

फोनचं सेटिंग घरीच लावा. रिझोल्यूशन १०८० ठेवा. आपल्याकडचं प्रक्षेपण २५ फ्रेमचं असतं, त्यामुळे फोनमध्ये तो पर्याय असेल तर तोच निवडा. साठवणीत जागा रिकामी करा. शूट करताना फोन आडवाच धरायचा. उभ्या व्हिडिओची मागणी सोशल मीडियाच्या डेस्ककडून येईल, तो वेगळा आणि शेवटी. रेकॉर्डिंग चालू असताना फोन आला तर काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. म्हणून महत्त्वाच्या बाईटला फोन एअरप्लेन मोडवर टाका. डेस्क पाच मिनिटं थांबू शकतं.

पोचल्यावर: जे निघून जाईल ते आधी

समोर दहा गोष्टी घडत असताना एकट्या माणसाने क्रम कसा लावायचा? माझा नियम असा, जे संपणार आहे ते आधी, जो निघून जाणार आहे तो त्यानंतर आणि जे जागेवरच राहणार आहे ते शेवटी. घोषणा संपतात, आग विझते, मंत्र्याचा ताफा निघून जातो. इमारत, पाटी, रस्ता तुमची वाट बघतात.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. समजा अशाच एका सकाळी तुम्ही लासलगावच्या बाजार समितीत एकटे उभे आहात. लिलाव नुकताच थांबलाय. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्यात, व्यापाऱ्यांचा घोळका पांगायला लागलाय, शेतकरी गेटकडे निघालेत.

आधी गेटकडे जाणाऱ्या शेतकऱ्यांचा वाइड (लांबून, सगळं दिसेल असा शॉट) घ्या, फोन स्थिर धरून मनात दहापर्यंत मोजा. मग घोषणा देणाऱ्यांचा मिड (कमरेपासून वरचा), आवाजासकट. मग क्लोज (अगदी जवळून): ट्रॉलीतला लाल कांदा, कांद्यावर ठेवलेला हात, कपाळाला आठ्या पडलेला चेहरा. त्यानंतर ज्या बाजूला सगळे बघतायत ती बाजू. हे चार-पाच शॉट हाती आले की बातमी उभी राहण्यापुरतं चित्र तुमच्याकडे आलं. आता फोन खिशात घाला.

नव्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, पण फोन खिशात घातल्याशिवाय चौकशी होत नाही. आता वही काढून फिरा. लिलाव किती वाजता थांबला? आधी किती गाड्यांचा लिलाव झाला होता? शेवटची बोली कितीची? काल काय भाव होता? बंद कोणी पुकारला, शेतकऱ्यांनी की व्यापाऱ्यांनी? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. गर्दीत जो मोठ्याने बोलतो त्याचंच म्हणणं बातमीत जातं, आणि संध्याकाळी कळतं की गोष्ट वेगळीच होती. ट्रॉलीवर गप्प बसलेल्या शेतकऱ्याशी बोला. रात्री दोनला घरून निघून रांगेत लागलेला तोच असतो. परत न्यायचं तर भाडं कोण देणार, हा त्याचा प्रश्न. कुणाला सकाळी भाव मिळाला असेल तर त्याची हिशेबपट्टी मागा आणि तिचा क्लोज घ्या. कागद दाखवला की आकड्यावर वाद होत नाही. त्यावरचा फोन नंबर आणि खाते क्रमांक मात्र बोटाने झाकून शूट करा.

आता बाईट. समितीचे सचिव किंवा सभापती निघून जातील, त्यांना आधी गाठा. मग व्यापाऱ्यांच्या बाजूने कोणीतरी. शेतकरी तिथेच असणार आहेत, पण म्हणून त्यांना शेवटची दोन मिनिटं देऊ नका. बातमी त्यांची आहे. हे सगळं झाल्यावर बाजार समितीची कमान, बंद दुकानं, भावाचा फलक, रिकामं लिलावाचं आवार.

बाईट घेताना

एका हातात फोन, दुसऱ्या हातात बूम आणि डोळे स्क्रीनवर, अशा अवस्थेत कोणाचंही बोलणं नीट ऐकू येत नाही. तुम्ही फ्रेम बघत राहता आणि समोरचा माणूस जे महत्त्वाचं बोलून गेला त्यावर पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. उपाय सोपा आहे, ट्रायपॉड लावा. माणसाला सावलीत उभं करा, फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि प्रकाश लॉक करा. मग लेन्सच्या अगदी शेजारी उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोला. मधे एकदाच नजर टाकून रेकॉर्डिंगचे लाल आकडे पळतायत ना, तेवढं बघा.

पहिल्यांदा कॅमेऱ्यावरच नाव, गाव, हुद्दा सांगायला लावा. अॅस्टनमधली, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या पट्टीतली नावाची चूक तिथेच टळते. नंतर तीनच प्रश्न: काय झालं, तुमच्यावर त्याचा काय परिणाम, आता काय हवंय. उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच तोंड उघडू नका. दोन-तीन सेकंद थांबलात तर माणूस पुन्हा बोलू लागतो, आणि पुष्कळदा तेच बातमीत लागतं.

पुढाऱ्याच्या बाबतीत वेगळं. पाच-सहा बूम एकत्र असतात, ट्रायपॉडला जागा नसते. तिथे कोपर बरगडीला टेकवून फोन धरा आणि बाईट संपल्यावर तुमचा एक वेगळा प्रश्न बाजूला घेऊन विचारा. तालुक्यातले बातमीदार एकमेकांना बाईट देतात-घेतात, त्यात गैर काही नाही, त्याशिवाय एकट्याचं काम चालत नाही. पण सगळे एकाच माणसाच्या बाईटवर जगायला लागले की सगळ्या वाहिन्यांवर एकच प्रश्न आणि एकच उत्तर दिसतं. शॉट वाटून घ्या, प्रश्न मात्र स्वतःचे ठेवा.

आवाज

धूसर चित्र लोक सहन करतात, ऐकू न येणारी बाईट कोणी सहन करत नाही, डेस्कही नाही. लेपल माईक लावला की इअरफोनवर पाच सेकंद तपासा. मुलाखत सुरू करण्याआधी तपासायचं, नंतर नाही. वारा असेल तर माईकवर फोमची टोपी हवी. जनरेटर, मंडपातला भोंगा, गिरणी यांच्याकडे माणसाची पाठ न करता माणसाला तिथून दहा पावलं लांब न्या. आणि जागेवरचा नुसता आवाज, कोणीही बोलत नसताना, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. एडिटरला तुकडे सांधायला तो लागतो.

लाईव्ह

लाईव्हला उभं राहायची जागा तुम्ही ठरवा. डेस्कला मागे गर्दी हवी असते. गर्दी मागे दिसावी, पण ती तुमच्या पाठीला चिकटलेली नसावी. ट्रायपॉड लावा, मागचा कॅमेरा वापरत असाल तर आधी फ्रेम लावून आपण उभं राहायच्या जागी दगड ठेवा, म्हणजे फ्रेमच्या बाहेर जाणार नाही. इअरफोनवर अँकरचा आवाज उशिरा येतो. प्रश्न पूर्ण ऐकून, क्षणभर थांबून बोला. दुसरा फोन असेल तर तो लाईव्ह चालू असताना हॉटस्पॉटसाठी ठेवा.

बोलायचं काय? तीन मुद्दे वहीत मोठ्या अक्षरांत लिहा, एवढंच. अपघात, दरड, पूर यात आकडा विचारला जातोच. जखमींचा, मृतांचा, अडकलेल्यांचा आकडा तहसीलदार, पोलीस किंवा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून आला असेल तरच सांगा, आणि कोणाकडून आला तेही सांगा. नसेल तर सरळ म्हणा: ‘प्रशासनाने अजून दुजोरा दिलेला नाही.’ दुसऱ्या वाहिनीवर आकडा चालू आहे असं कानात सांगितलं गेलं तरी तुमचं वाक्य बदलू नका. तिथे उभे तुम्ही आहात आणि ज्यांचा माणूस आत अडकलाय ते घरी टीव्ही बघतायत.

दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई चालू असेल तर लाईव्ह करायचंच नाही. केबल टीव्हीच्या नियमांत २०१५ पासून तशी बंदी आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवता येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या प्रक्षेपणाने काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मागे बघणारं कोणी नसतं

कॅमेरामन सोबत असायचा तेव्हा तो फक्त शूट करत नसे. मागून ट्रक येतोय, जमाव तापलाय, आता निघू या, हे तो खांद्यावर हात ठेवून सांगायचा. बातमीदार कॅमेऱ्याकडे बघत असताना त्याच्या पाठीमागचं बघणारा तो असे. एकट्या बातमीदाराने गमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि वाहिन्यांच्या खर्चाच्या हिशेबात ती कुठेच धरलेली नाही.

अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवरही आता पुष्कळ बातमीदार असेच एकटे असतात. जानेवारी २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबारमध्ये पाण्याची मुख्य वाहिनी फुटल्याची बातमी देताना टोरी योर्गी या बातमीदाराला लाईव्ह चालू असताना गाडीने धडक दिली. ती उठली, आपण ठीक आहोत म्हणाली आणि लाईव्ह पूर्ण केलं. लोकांनी तिचं कौतुक केलं, मात्र रात्रीच्या वेळी रस्त्याकडेला ती एकटी का होती, हा प्रश्नही त्यानंतर विचारला गेला. तो प्रश्न आपल्याकडेही मोठ्याने विचारायला हवा.

तोवर स्वतः करण्यासारखं एवढं:

रस्त्याकडे पाठ करून कधीही उभे राहू नका. महामार्गावरच्या अपघातात वाहतुकीकडे तोंड हवं, किंवा रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे, झाडामागे, टपरीच्या आडोशाला उभे राहा. रात्री अंगावर चमकणारं जॅकेट हवं, ते शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावा. मोर्च्यात पोलीस आणि जमाव यांच्या मधल्या रिकाम्या जागेत जाऊ नका, तिथला शॉट चांगला दिसतो आणि पहिला दगडही तिथेच पडतो. एका टोकाला, शक्यतो भिंतीला पाठ लावून, बाहेर पडायची गल्ली डोळ्यांसमोर ठेवून शूट करा. दगडफेकीची शक्यता असेल तर दुचाकीचं हेल्मेट घाला. लोक काय म्हणतील याचा विचार नको. दर अर्ध्या मिनिटाने स्क्रीनवरून नजर काढून चारही बाजूंना बघण्याची सवय लावा.

घरच्या एका माणसाला आणि सहकाऱ्यांपैकी एकाला लाईव्ह लोकेशन पाठवून निघा. वाळू, जमिनी, अवैध दारू, ठेकेदारी या विषयांवर एकट्याने जाऊ नका, इतर वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींना सोबत घ्या, बातमी एक्सक्लुझिव्ह राहिली नाही तरी चालेल. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून मारण्यात आलं. रिफायनरीशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. छत्तीसगडमधल्या बिजापूरचे मुकेश चंद्राकर हे तुमच्या-माझ्यासारखेच जिल्ह्यातून टीव्हीसाठी काम करणारे. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी समोर आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला. ही नावं लक्षात ठेवा. धमकी आली की ती त्याच दिवशी डेस्कला लेखी कळवा, कॉलची वेळ आणि नंबर नोंदवा, पोलिसांत अर्ज द्या. ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

एकट्या महिला बातमीदाराला रात्रीच्या असाइनमेंटला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि त्याचं कारण सांगायची गरज नाही. डेस्कवर असलेल्यांनीही हे वाचावं.

जे शूटच करायचं नाही

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू आहे, मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आधीपासूनच आहे. ‘डेस्क चेहरा ब्लर करेल’ या भरवशावर शूट करू नका. तुमची फाईल व्हॉट्सअॅपवरून जाते, तिथून ती कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. घर, शाळा, आईवडिलांचा चेहरा, गल्ली, लहान गाव असेल तर गावाचं नावसुद्धा ओळख पटवतं. शूटच केलं नाही तर फुटायचा प्रश्न येत नाही. पोलीस ठाण्याची पाटी आणि अधिकाऱ्याची बाईट एवढ्यावर ही बातमी होते.

शोकाच्या घरी आधी बूमशिवाय जा. बसा, पाणी दिलं तर घ्या, घरातल्या कर्त्या माणसाला विचारा की कोणी बोलू शकेल का. नाही म्हणाले तर उठा. रडणाऱ्या आईच्या तोंडापुढे बूम धरताना पूर्वी निदान सोबतचा माणूस ‘राहू दे’ म्हणायचा, आता तो शब्द तुम्हीच स्वतःला द्यायचा आहे. शेतकरी आत्महत्येच्या बातमीत दोर, झाड, औषधाची बाटली यांचे शॉट घेऊ नका. कर्जाची कागदपत्रं, पिकाचं शेत, सोसायटीचा सचिव, मदतीच्या अर्जाचं काय झालं, ही बातमी आहे.

पाठवणी

सगळं एकदम पाठवू नका. पहिल्या खेपेला तीस-चाळीस सेकंदांचे सर्वांत चांगले शॉट, एक बाईट आणि चार ओळींची माहिती. बातमी तेवढ्यावर सुरू होते. उरलेलं नंतर. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जाते, २ जीबीपर्यंत. प्रत्येक फाईलला नाव द्या: ‘लासलगाव, लिलाव बंद, बाईट सभापती’. आकडी नावाच्या वीस फाईल आल्या की डेस्कवरचा माणूस पहिल्या तीनच उघडतो. स्क्रिप्टमध्ये कोण, कुठे, केव्हा, किती हे आधी. नावं, हुद्दे आणि गावं शुद्ध लिहा, कारण अॅस्टन तुमच्याच मजकुरावरून होतो. गाडी चालवताना टाईप करू नका. बाजूला थांबा.

रात्री, घरी

दिवसाचं मूळ फुटेज हार्ड डिस्कवर तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. ‘माझं बोलणं तोडूनमोडून दाखवलं’ अशी नोटीस आली की अख्खी बाईट हाच तुमचा पुरावा. तारीख, बातमी, किती वाजता पाठवली, लागली की नाही, किती किलोमीटर गेलात, ही नोंद एका वहीत ठेवा. तालुक्यात मानधन बातमीवर मिळतं, पेट्रोल बहुतेकदा खिशातलंच जातं. महिन्याअखेरीला बिल पाठवताना ही वही नसेल तर तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द एवढंच उरतं.

आणि एक कागद काहीही करून मिळवा: तुम्ही त्या वाहिनीचं काम करता असं लेटरहेडवर लिहिलेलं पत्र. बूम हातात असणं म्हणजे नेमणूक नव्हे. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती २०१९ मध्ये मिळाली. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही. पण त्याचं संरक्षण माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्या पत्रकाराला आहे. अडचणीच्या वेळी ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘तुम्ही कोणाचे?’ हाच. तेव्हा त्या पत्राची एक प्रत गाडीत, एक घरी आणि एक फोनमध्ये ठेवा. पत्र देत नसतील तर निदान नेमणुकीचा ई-मेल मागा. जाहिराती आणायची अट घालत असतील तर तीही लेखी मागा. जे बातमीदार ज्या ठेकेदाराकडून जाहिरात घेतात, त्याच ठेकेदाराचा उखडलेला रस्ता दाखवायची पाळी त्यांच्यावर कधी ना कधी येते, आणि एकटा माणूस तिथे फार लवकर वाकतो. सुरुवातीलाच डेस्कला सांगा की जाहिरातीचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या. काही ठिकाणी ऐकतात.